पार्टिशनमागची

मेहुण्यांचे बूट मी आजही नुसत्या आवाजावरून ओळखीन. तपकिरी, टोकदार, रोज सकाळी ऑफिसच्या बाथरूममध्ये स्वतःच्या हाताने पॉलिश केलेले. पॉलिश झालं की बेसिनवर तपकिरी बोटं उमटलेली असायची, आणि ती पुसायचं काम, कुणी न सांगता, माझ्याकडे आलं होतं. तेव्हा या माणसावर माझा दात होता तो काही एका दिवसाचा नव्हता.

मेहुणे म्हणजे आमच्या मालकांचे मेहुणे, वहिनींचे धाकटे भाऊ. आमचं दुकान स्वयंपाकघरं बनवून देणारं. ओटे, कपाटं, ड्रॉवर, सगळं मापाने आखायचं, आधी कॉम्प्युटरवर दाखवायचं, आणि गिऱ्हाइकाने मान डोलावली की मागच्या कारखान्यात मिस्त्री कापायला घेणार. आखायचं काम माझं. मी त्याचं रीतसर शिक्षण घेतलंय आणि मला ते फार छान येतं, उगाच लाजायचं कशाला? पण दाखवायचं काम मेहुण्यांचं. मालकांचं म्हणणं असं की गिऱ्हाइकाला एकच तोंड दिसलं पाहिजे, आणि ते तोंड घोटून दाढी केलेलं, हसरं, मेहुण्यांचं होतं.

त्यासाठी मालकांनी एक व्यवस्था करून घेतली होती. पुढे गिऱ्हाइकांचं टेबल, त्यावर मोठी स्क्रीन. स्क्रीनच्या पाठीमागे प्लायवूडचं पार्टिशन, आणि पार्टिशनच्या मागे मी आणि माझा लॅपटॉप. पार्टिशनला जमिनीलगत एक भोक पाडलेलं. त्यातून केबल पलीकडे जायची, टेबलाखाली जरा लोंबायची आणि वर जाऊन स्क्रीनच्या पाठीत खोचलेली असायची. मी मागे माउस हलवायचे, पुढे स्क्रीनवर स्वयंपाकघर फिरायचं, आणि मेहुणे टेबलाच्या बाजूला उभे राहून, हातात एक बंद माउस धरून, आपणच सगळं करतोय अशा थाटात बोलायचे. त्या माउसमध्ये सेलसुद्धा घातलेले नव्हते.

आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. मेहुणे खोकले की चित्र फिरवायचं. टेबलावर टकटक केली की शटरांचा, म्हणजे कपाटांच्या दारांचा, रंग बदलायचा. आणि ते म्हणाले, "बघा, कसं मोकळं मोकळं वाटतंय," की चित्रातल्या कॅमेऱ्याचं भिंग रुंद करायचं, म्हणजे तीच खोली एकदम ऐसपैस दिसायला लागायची. गिऱ्हाइकं म्हणायची, खरंच की हो. मेहुण्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हे करायचे. त्या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि एवढं करून मी कोण? तर 'मागची'. मेहुण्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "मागचीला सांगतो." "मागची, जरा बाहेर ये बघू." गिऱ्हाइकांना माझी ओळख करून द्यायची वेळ आलीच तर, "ही आमच्या वायरी बघते." सगळं आखणारी मी, आणि मी वायरी बघणारी. हा माणूस आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होता आणि वर मलाच बाजूला सरक म्हणत होता.

मग ती स्क्रीन जायला लागली.

बोलता बोलता मध्येच काळी व्हायची आणि कोपऱ्यात 'सिग्नल नाही' अशी पाटी फिरत राहायची. मेहुणे कपाळाला हात लावायचे. "मागचीने काहीतरी केलं बघा. जरा नवीन आहे हो." मी त्यांच्या कितीतरी आधीपासून तिथे होते. मग मी बाहेर यायचे, गिऱ्हाइकांना 'सॉरी हं' म्हणायचे, टेबल आणि पार्टिशनच्या फटीत आडवी होऊन शिरायचे आणि स्क्रीनच्या पाठीतला प्लग दाबायचे. प्लग अर्धवट बाहेर आलेला असायचा. दाबला की स्क्रीन चालू. तोवर मेहुण्यांनी चहा मागवलेला असायचा, रंगांचे नमुने पसरलेले असायचे आणि बोलणं भलतीकडेच गेलेलं असायचं.

केबल सैल आहे, दुसरं काय, असं म्हणून मी हात धुऊन तिच्या मागे लागले. दोन्ही टोकं काढून, फुंकर मारून पुन्हा बसवली. नवी केबल आणली. लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावून पाहिली. ड्रायव्हर नवा घातला, रिझोल्यूशन खाली आणलं, चार्जरची वायर केबलपासून लांब नेली. घरून माझा स्वतःचा लॅपटॉप आणून जोडला. तरी तेच. कारखान्यातलं कापायचं यंत्र चाललं की टेबल हादरतं, म्हणून प्लग निसटत असेल असं वाटलं, तर मिस्त्रींना सांगून मुद्दाम यंत्र चालवायला लावलं आणि स्क्रीनकडे टक लावून बसले. ती ढिम्म. गिऱ्हाईक नसलं की दिवसभर चालू राहायची, पापणीसुद्धा लवायची नाही. गिऱ्हाईक आलं की जायची.

"भुताटकी आहे," मिस्त्री म्हणाले.

"भुतालाही गिऱ्हाईक लागतं वाटतं," मी म्हणाले. पण हसू येत नव्हतं. माझ्या नाकी नऊ आले होते आणि दर वेळी खापर माझ्याच डोक्यावर फुटत होतं.

त्यातच त्या नर्सबाई आल्या. हॉस्पिटलमधून ड्यूटी संपवून थेट आलेल्या, आवाज दमलेला, बोलणं मोजकं. त्यांचे वडील जन्मभर हॉटेलांतून आचारी होते. आता कमरेखालून अंग गेलेलं, दिवस चाकाच्या खुर्चीत जायचा, पण हट्ट एकच, घरात जेवण मीच करणार. मुलगी कामावर गेल्यावर त्यांना एकट्याला सगळं करता यावं, म्हणून बाई जुनं स्वयंपाकघर पाडून नवं करून घेणार होत्या. त्या दिवशी मालकही पुढे येऊन बसले होते.

मेहुण्यांना चेव आला. "खुर्ची अशी आत येणार, अशी वळणार, आणि अशी ओट्याला लागणार." मी सॉफ्टवेअरमधल्या तयार चित्रांतली एक चाकाची खुर्ची उचलून आमच्या चित्रात टाकली. ती कोपऱ्यात कपाटाला अडत होती, म्हणून जरा आकसून घेतली. चित्र कसं छान दिसायला हवं. मेहुणे म्हणाले, "बघा, कसं मोकळं मोकळं," मी भिंग रुंद केलं, आणि खुर्ची गर्रकन वळली. माझं मलाच कौतुक वाटलं.

"हे मोजून दाखवता का?" नर्सबाईंचा आवाज आला. "बाबांची खुर्ची इथे पूर्ण वळते का, तेवढंच मोजून दाखवा."

आणि स्क्रीन गेली.

मी बाहेर आले, सॉरी म्हणाले, फटीत शिरले, प्लग दाबला. परत जाऊन बसेपर्यंत मेहुणे शटरांच्या रंगावर पोचले होते. बाईंना घरी वडिलांकडे जायची घाई होती. त्या उठल्या. "मोजायचं राहिलं," एवढं म्हणून गेल्या.

त्या गेल्यावर मालक पार्टिशनमागे आले. ते तिकडे कधी येत नसत. "पुन्हा एकदा गिऱ्हाइकासमोर ही स्क्रीन गेली, तर तू दुसरीकडे काम बघ," ते म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मालक, गिऱ्हाईक नसताना ती दिवसभर..."

"मला कारणं नकोत गं. स्क्रीन जाता कामा नये."

त्यांच्या खांद्यावरून मेहुणे डोकावले. "जाऊ द्या हो दाजी. शिकेल हळूहळू." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी गेले ते भांडी आपटतच. आईने टीव्हीचा आवाज वाढवला. मग बंदच केला. "कोणाला मारतेयस त्या पातेल्यात?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. तिला वाटत होतं मी सोडून द्यावं, दुसरीकडे काम मिळेल. मिळालंही असतं. पण ज्या खुर्चीवर मी इतकी वर्षं बसले तिथून मी मान खाली घालून जायचं आणि मेहुण्यांनी बेसिनवर बोटं उमटवत राहायचं, हे मला जमणारं नव्हतं. "आधी हिशेब चुकता करीन, मग जाईन," मी म्हणाले. आई म्हणाली, ठीक आहे, पण पातेलं ठेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत मी केबल पूर्ण काढून हातात घेतली. इंच न् इंच बोटं फिरवत चालले, कुठे आत तुटली असेल तर कळावं म्हणून. टेबलाखाली ती जिथे लोंबायची, बरोबर त्या झोळात, माझ्या बोटांना काहीतरी चिकट लागलं. उजेडात धरून पाहिलं. तपकिरी डाग. वास घेतला. हा रंग आणि हा वास मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी तो रोज सकाळी बेसिनवरून पुसत होते.

तरी खात्री हवी होती. अकराच्या सुमाराला, मालक बाहेर गेलेले असताना, एक जोडपं आलं. मी माउस घेऊन जमिनीवरच बसले आणि पार्टिशनच्या भोकाला डोळा लावला. टेबलाचे पाय, जोडप्याच्या चपला, आणि ते बूट. मेहुणे बोलत होते, मी वरचं ऐकत हात चालवत होते. मग नवऱ्याने विचारलं, "या ड्रॉवरला वजन किती झेपतं?" डावा बूट उचलला गेला. टोक झोळात शिरलं. एक हलका झटका. वरून मेहुण्यांचा आवाज आला, "मागचीने काहीतरी केलं बघा."

उत्तर येत नसलं की हा गृहस्थ स्क्रीन घालवत होता. बस. एवढीच भुताटकी होती.

मला वाटलं होतं मी किंचाळीन. उलट मी उठले. बाहेर गेले, सॉरी हं म्हणाले, प्लग दाबला, मेहुण्यांकडे बघून हसलेसुद्धा. ते जरा दचकले.

मालकांना जाऊन सांगता आलं असतं. सांगून काय झालं असतं? मेहुणे म्हणाले असते, चुकून लागला पाय. संध्याकाळी वहिनींचा फोन आला असता, माझ्या भावावर आळ घेते म्हणून. मालक माणूस वाईट नव्हेत, पण रात्री त्यांना जेवायला त्याच घरात जायचं होतं. आणि खरं सांगू का, मला न्याय नकोच होता. मला सूड हवा होता. चार माणसांसमोर, लख्ख उजेडात, या माणसाची बोबडी वळलेली मला बघायची होती, आणि लपायला त्याला अंधार मिळता कामा नये एवढीच माझी अट होती.

स्क्रीनच्या पाठीत आणखी एक पोर्ट होता, जुन्या पद्धतीचा. त्याच्या प्लगला दोन्ही बाजूंना स्क्रू असतात, फिरवून आवळायचे. दुपारी मेहुणे जेवायला गेले तेव्हा मी तशी केबल आणून दोन्ही टोकांना, स्क्रीनला आणि लॅपटॉपला, लावली. बोटांनी आवळले तेवढ्यावर समाधान होईना, म्हणून मिस्त्रींकडून पक्कड आणली आणि दातओठ खात शेवटचा फेरा दिला. मग म्हटलं, हा बाबा जोरात ओढेल तर स्क्रीनच खाली यायची. मिस्त्रींनी स्टँडचा पाय टेबलाला बोल्टने जखडून दिला.

"कोणी पळवतंय काय?" त्यांनी विचारलं.

"पळवू नये म्हणून," मी म्हणाले.

केबलचा झोळ मात्र मी टेबलाखाली तसाच सोडला, होता तेवढाच. मेहुण्यांना सवयीचा होता ना.

त्या रात्री लग्नघरात असावं तशी मला झोपच लागेना. उद्या सकाळी नर्सबाई यायच्या होत्या, मोजायचं राहिलं होतं ते बघायला.

त्या आल्या त्या वडिलांना घेऊनच. खुर्चीची चाकं दारातून आत येताना मला भोकातून दिसली, मग पायटेकणीवर ठेवलेले त्यांचे दोन निश्चल पाय, लोकरी मोजे घातलेले. बाईंनी खुर्ची टेबलापाशी आणली. मालक येऊन बसले. मेहुण्यांचे बूट आपल्या नेहमीच्या जागी उभे राहिले. कडक पॉलिश होतं त्या दिवशी.

"नमस्कार, नमस्कार. काका, तुमच्यासाठी काय झकास आखलंय बघा," मेहुणे म्हणाले आणि खोकले. मी चित्र फिरवलं. टकटक झाली, रंग बदलला. मी मन लावून काम करत होते. इतकं चोख मी कधीच केलं नसेल. ते रंगात यावेत अशी माझी इच्छा होती आणि ते आले.

"हे झालं," नर्सबाई म्हणाल्या. "आता खुर्ची वळते ते मोजून दाखवा. गेल्या वेळी राहिलं होतं."

मी माउसवरून हात काढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

डावा बूट उचलला गेला. झोळात शिरला. हलका झटका. स्क्रीन लख्ख. पुन्हा एक, जरा जोरात. स्क्रीन लख्ख. मी भोकाला डोळा लावून बसले होते आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"हां, तर मोजायचं म्हणजे कसं," मेहुणे म्हणाले आणि खोकले. चित्र हललं नाही. पुन्हा खोकले. तिसऱ्यांदा जरा लांबवून खोकले.

"खोकला कधीपासून आहे?" नर्सबाईंनी विचारलं.

"नाही, ते जरा घसा..." टकटक. टकटकटक. काही नाही. वर टेबलावर तो बंद माउस गरागरा फिरल्याचा आवाज येत होता. "एकंदरीत बघा, कसं मोकळं मोकळं..."

"ते बघितलं हो. मोजा."

"मागची," मेहुणे पार्टिशनकडे तोंड करून म्हणाले. आवाजातलं तूप संपलं होतं. "काय केलंस तू?"

"काही नाही," मी जागेवरून म्हणाले, अगदी गोड आवाजात. "स्क्रीन चालू आहे ना?"

"चालू आहे की," मालक म्हणाले. "दाखव ना रे तू. थांबलास कशाला?"

मग बूट असा काही घुसला झोळात, की बास. मेहुण्यांनी सगळा जीव एकवटून ओढलं. प्लग निघाला नाही, स्क्रीन हलली नाही, पण केबलचा वेढा घोट्याला बसला आणि गृहस्थ एका पायावर नाचायला लागले. टेबलाला धरलं तर नमुन्यांचा गठ्ठा घसरला. मी तोंडात ओढणी कोंबून घेतली.

"पाय अडकला का तुमचा?"

हा आवाज नवा होता. नर्सबाईंचे वडील. आम्ही सगळे उभ्या माणसांच्या उंचीवर जगतो. हे खुर्चीत बसलेले, त्यांना टेबलाखालचं सगळं आरपार दिसत होतं. "मघापासून बघतोय मी," ते म्हणाले. "त्या वायरीला ओढताय तुम्ही. मुद्दाम ओढताय होय?"

मालक खाली वाकले. मला भोकातून त्यांचा चेहरा दिसला, आडवा, लाल झालेला. त्यांनी केबल बघितली, बूट बघितला, आणि त्यांना एकदम सगळ्या गेलेल्या स्क्रीन आठवल्या असाव्यात. "अरे," ते म्हणाले, "तू आहेस होय तो?"

मेहुण्यांची अशी भंबेरी उडाली की विचारू नका. "दाजी, मी नाही. मी काय करणार? सगळं तीच चालवते मागून. हा माउस बंद आहे, बघा, सेलसुद्धा नाहीत यात. तिने हात काढला, दाजी. मुद्दाम काढला." आणि त्यांनी खरंच माउसचं झाकण उघडून नर्सबाईंना दाखवलं. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकासमोर ते पहिल्यांदा खरं बोलले.

मग मालक म्हणाले, "ये बाहेर." मला नव्हे, पार्टिशनला म्हटल्यासारखे म्हणाले. "तूच दाखव आता. आणि तू," हे मेहुण्यांना, "तू मागे जाऊन बस."

मेहुणे पायातला वेढा सोडवून, माझ्यासमोरून, माझ्या जागेवर गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी मात्र पोटभर बघितलं. घामेजलेली मान, बाहेर आलेला शर्ट, एका बुटाची सुटलेली नाडी. लोक म्हणतात सूड घेतल्यावर रिकामं वाटतं. मला मुळीच रिकामं वाटलं नाही. मला पंगतीतून उठल्यासारखं तुडुंब वाटत होतं.

मी माझा माउस घेऊन टेबलापाशी उभी राहिले, जिथे मेहुणे उभे राहायचे तिथेच. "नमस्कार," मी म्हणाले. "हे स्वयंपाकघर मी आखलंय." हे वाक्य मी कितीदा मनात म्हटलं होतं. मग खिशातून टेप काढली आणि वडिलांना म्हणाले, "काका, आधी तुमची खुर्ची मोजू." त्यांनी हात वर घेतले. मी चाकापासून चाकापर्यंत मोजलं, पायटेकणीपासून मागच्या दांड्यापर्यंत मोजलं, आणि चित्रातल्या खुर्चीला ती खरी मापं दिली, तशी ती मोठी झाली. भिंग जागेवर आणलं. खोली आकसली. मग खुर्ची वळवली.

ती अर्ध्यात कपाटाला अडली.

"बघा," मी म्हणाले, आणि माझा आवाज मला आवडला. "नाही वळत. यांनी तुम्हाला वळते म्हणून सांगितलं, पण नाही वळत. आता मी हे कपाट काढते, ओट्याखाली गुडघे जायला जागा ठेवते, आणि मग..."

"थांबा," नर्सबाई म्हणाल्या.

त्या स्क्रीनकडे बघत होत्या. "गेल्या वेळी वळली होती. हीच खोली, हीच खुर्ची. मी इथे बसून बघितलं. घरी जाऊन बाबांना सांगितलं, वळते तुमची खुर्ची, काळजी करू नका." मग त्यांनी पार्टिशनकडे बोट केलं. "ते आत्ता म्हणाले, सगळं तुम्ही चालवता. म्हणजे त्या दिवशीही तुम्हीच चालवत होता."

"हो, पण त्यांच्या खुणा..."

"त्यांनी खुर्ची लहान करायला सांगितली?"

मी तोंड उघडलं. 'मोकळं मोकळं' ही खूण भिंगाची होती. खुर्चीची खूण आमच्यात ठरलेलीच नव्हती. ती मी माझ्या मनाने आकसली होती, चित्र छान दिसावं म्हणून, आणि हे जगात मला एकटीलाच माहीत होतं. पार्टिशनमागे मेहुण्यांचा श्वास ऐकू येत होता. तेही ऐकत होते.

मालक माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी बदलत होतं. नर्सबाई वाट बघत होत्या. उत्तर मला येत होतं, पण देता येत नव्हतं.

स्क्रीनवर ती खुर्ची कपाटाला अडून उभी होती, प्रत्येक रेघ स्पष्ट. एक क्षण, फक्त एक क्षण ही स्क्रीन गेली असती तर. मी 'सॉरी हं' म्हणाले असते, फटीत शिरले असते, आणि बाहेर येईपर्यंत काहीतरी सुचलं असतं. मी ठरवलं असं काही नाही. पण माझ्या चपलेच्या पुढच्या टोकाला टेबलाखाली केबलचा झोळ लागला आणि मी ओढलं. मग आणखी जोरात ओढलं.

काही हललं नाही. स्क्रू माझेच होते, पक्कड लावून आवळलेले. स्क्रीन लख्ख चालू होती.

नर्सबाईंचे वडील खाली बघत होते. टेबलाखाली, माझ्या पायाकडे. त्यांनी मान वर केली आणि सावकाश, कुणालाही दोष न देता विचारलं.

"तुमचाही पाय अडकला का?"